जावा वस्तूंचे क्रमिकीकरण

संगणकाच्या स्मृतीत ठिकठिकाणी विखुरलेली माहिती ठराविक क्रमाने मांडून ती साठविण्यास किंवा दुसऱ्या संगणकाकडे पाठविण्यास योग्य अशा सलग रूपात आणणे, या क्रियेस क्रमिकीकरण किंवा सीरियलायझेशन म्हणतात. या सलग रूपापासून मूळ माहिती पुन्हा उभी करण्याच्या उलट क्रियेस प्रतिक्रमिकीकरण अशी संज्ञा आहे. जावा भाषेतील आज्ञावली सोप या संदेशपद्धतीने दुसऱ्या आज्ञावलीशी व्यवहार करते, तेव्हा या दोन्ही क्रिया घडतात.

इतिहास : सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने जावा भाषा १९९५ मध्ये जाहीर केली. तिच्या १·१ या आवृत्तीत (१९९७) अंगभूत क्रमिकीकरणाची सोय झाली. ज्या वर्गावर ‘सीरियलायझेबल’ ही खूण असेल, त्याच्या वस्तूंचे बाइटमालिकेत रूपांतर करता येते. तथापि ही मालिका वाचण्यास दुसऱ्या टोकासही जावा व तोच वर्ग असावा लागतो. भिन्न भाषांतील आज्ञावल्यांचा मेळ घालण्यासाठी १९९८ मध्ये सोप पद्धतीची आखणी झाली. तिची १·२ ही आवृत्ती २००३ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. सोप संदेश एक्सएमएल या खूणभाषेत लिहिलेला असून लिफाफा, शीर्ष व मुख्यांग असे त्याचे भाग असतात. येथे ‘सीरियलायझेबल’ या खुणेचा उपयोग होत नाही. जावा वस्तू व एक्सएमएल यांची सांगड घालण्याचे काम जॅक्स-बी हा ग्रंथालयसंच करतो. तो २००६ मध्ये जावाच्या सहाव्या आवृत्तीत समाविष्ट झाला व २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीतून वगळला गेला. आता तो जकार्ता या नावाने स्वतंत्रपणे उपलब्ध आहे.

कार्यपद्धती : वाशिम जिल्ह्यातील एखाद्या गटाचा सातबारा उतारा उदाहरणादाखल घेता येईल. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक व बारा ही पिकांची नोंदवही असते. जिल्हा, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र व भोगवटादार हे घटक असलेली ‘उतारा’ ही वस्तू कल्पिली, तर तिचा आरंभ <उतारा><जिल्हा>वाशिम</जिल्हा><तालुका>रिसोड</तालुका> असा लिहिता येतो. कोणता घटक कोणत्या प्रकारचा, हे सेवेच्या वर्णनपत्रात आधीच नमूद असते व ते दोन्ही पक्षांवर बंधनकारक असते. जमिनीचे क्षेत्र द्विमान अपूर्णांकात साठविल्यास ०·१ यासारखी संख्याही अचूक राहत नाही. म्हणून तेथे दशमान प्रकार योजतात. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘वाशिम’ या शब्दात मात्रांसह पाच चिन्हे असल्याने तो पंधरा बाइटांचा होतो. पाठविणारा व घेणारा यांनी भिन्न संकेतने गृहीत धरल्यास नाव वाचता येत नाही.

इंटरफेसची अडचण : इंटरफेस हा जावातील एक करार होय. वस्तूने कोणत्या क्रिया पुरवाव्यात, एवढेच तो सांगतो. त्याला स्वतःची साठवलेली स्थिती नसते व त्याच्यापासून थेट वस्तू निर्माण करता येत नाही. ‘भोगवटादार’ हा इंटरफेस मानल्यास त्यामागे व्यक्ती, देवस्थान किंवा सहकारी संस्था यांपैकी कोणीही असू शकते. आज्ञावलीच्या आत हे सोयीचे असते. संदेश वाचताना मात्र नेमक्या कोणत्या वर्गाची वस्तू उभारावी, हे ग्रंथालयसंचास कळत नाही. म्हणून जॅक्स-बी सामान्यतः इंटरफेस नाकारतो.

यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिल्यात इंटरफेसऐवजी आधारवर्ग घेऊन त्याचे सर्व उपवर्ग आधी जाहीर करतात व संदेशातील घटकावर त्याच्या प्रकाराचे नाव लिहितात. दुसऱ्यात इंटरफेस व साधा वर्ग यांमध्ये रूपांतर करणारा अनुकूलक लिहितात. तिसऱ्यात केवळ देवाणघेवाणीसाठी वेगळा सपाट वर्ग करून त्यात प्रकारदर्शक संकेत ठेवतात. पहिल्या उपायात एखादा उपवर्ग जाहीर करावयाचा राहिल्यास वस्तू आधारवर्गाची समजून लिहिली जाऊ शकते. अशा वेळी संस्थेचा नोंदणी क्रमांक कोणतीही त्रुटी न दाखविता गळून पडतो. संदेश वरकरणी निर्दोष दिसतो, परंतु त्यावर विसंबून दिलेले कर्ज वा केलेला फेरफार सदोष ठरतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले असल्याने अभिलेखांच्या अचूकतेस विशेष महत्त्व आले आहे.

अन्य मर्यादा : गटातून भोगवटादाराकडे व भोगवटादारातून पुन्हा गटाकडे निर्देश असल्यास चक्र निर्माण होते. एक्सएमएलची रचना वृक्षासारखी असल्याने अशा वेळी एक निर्देश वगळावा लागतो किंवा ओळखक्रमांकाने दर्शवावा लागतो. वर्णनपत्रातील बंदिस्त याद्याही अडचणीच्या ठरतात. अकोल्यातून वाशिम (१९९८) व ठाण्यातून पालघर (२०१४) हे जिल्हे वेगळे झाले. जिल्ह्यांची जुनी यादी बाळगणारी सेवा नव्या जिल्ह्याचा संदेश अवैध ठरविते. याशिवाय अनोळखी स्रोताकडून आलेल्या बाइटमालिकेचे अंगभूत पद्धतीने प्रतिक्रमिकीकरण करणे धोक्याचे असते, हे २०१५ मध्ये ठळकपणे पुढे आले. अशी मालिका संगणकावर हल्लेखोरास हवी ती आज्ञा चालवू शकते. एक्सएमएल वाचतानाही बाह्य निर्देश बंद ठेवणे आवश्यक असते.

नव्या सेवांत जेसन ही सुटसुटीत मांडणी अधिक प्रचलित झाली असली, तरी बँका, विमा व शासकीय व्यवहारांतील अनेक जुन्या सेवा सोपवरच चालतात. जेसनमध्येही प्रकाराची खूण आपोआप येत नाही. त्यामुळे इंटरफेसमागील वस्तूची ओळख संदेशात स्पष्टपणे लिहिण्याची गरज तेथेही कायम राहते.