पावसाची वाट बघणारं अंडं

"आबा, ह्याला दात किती हायत?"

धाकटीचा पहिला प्रश्न हा, आणि विचारता विचारता बोट बादलीकडं निघालेलं. मी आधी तिचा हात धरला आणि मग उत्तर दिलं. दात एकही नाही. पण जबड्याला कडक, धारदार चोच असते. एवढंसं पोर नुसता चिमटा काढेल, मोठ्या कासवानं धरलं तर मात्र रक्त निघतं. त्यात त्याची मान दिसते त्यापेक्षा बरीच लांब. तोंड पलीकडं आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि ते मान वळवून पाठीवरचं बोट धरतं.

मिरगाचे दोन दणदणीत पाऊस झाले होते. आसना नदीला गढूळ पाणी आलं होतं आणि पेरणीसाठी वाफसा कधी होतो याची वाट बघत गडीमाणसं बसून होती. लातूरहून सुट्टीला आलेला थोरला नातू आणि ही धाकटी बांधानं फिरत असताना त्यांना ओढ्याकडेच्या चिखलात हे सरकताना दिसलं. बादली घरी येईपर्यंत दोघांचं सगळं ठरलंही होतं. कासव लातूरला जाणार, गॅलरीतल्या टपात राहणार आणि पोळीचा चुरा खाणार.

म्हटलं, ठरवायच्या आधी पाहुणा कोण आहे ते तर बघू.

परातीत ओली माती पसरून त्याला खाली ठेवलं. लांबी जेमतेम चार सेंटीमीटर. पाठ शेवाळी-तपकिरी आणि गुळगुळीत. देवळातल्या दगडी कासवाच्या पाठीवर कोरतात तसले चौकोन-षटकोन तिच्यावर कुठंच नाहीत, कारण ही मऊ पाठीच्या कासवांची जात. कवचाचं हाड आत आहे, वर खवल्यांऐवजी कातडी. नाकाच्या जागी पुढं आलेली बारीकशी नळी आणि तिला दोन भोकं. अंग सगळं पाण्यात ठेवून एवढी नळी वर काढली की श्वास घेता येतो. शिवाय या जातीची कासवं घशाच्या आतल्या कातडीतून पाण्यातलाही थोडा प्राणवायू शोषतात, म्हणून बराच वेळ तळाशी बसू शकतात.

धाकटीनं काडीनं त्याच्यासमोरची माती जराशी हलवली. डोकं आत गेलं, पुढचे पाय गेले आणि पोटाच्या कवचाचा पुढचा भाग बिजागरीवर फिरल्यागत वर आला. मागचे पाय आत ओढले तशा दोन कातडी झडपा त्यांच्यावर पडल्या. जेवणाच्या डब्याला दोन्हीकडून झाकण लागावं तसं सगळं बंद. मऊ पाठीच्या बहुतेक कासवांना ही सोय नसते. आपल्या नदीनाल्यांतल्या, विहिरींतल्या या कासवाला मात्र आहे.

"नखं मोज," मी थोरल्याला सांगितलं.

थोड्या वेळानं पाय बाहेर आले. त्यानं मोजली. प्रत्येक पायाला तीन, म्हणजे एकूण बारा.

हे मुद्दाम मोजायला लावलं. वीस नखांचं, एकवीस नखांचं कासव मिळालं की पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणणारे भामटे आपल्याकडं फिरतात आणि त्यांच्या नादानं शिकलीसवरली माणसंही लाखांत बुडतात. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं कासव घेतलं, तरी त्याला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठराच नखं असतात. विसाव्या नखापायी किती मुकी जनावरं पोत्यात गुदमरून मेली असतील! ज्याला घरात कासव हवंच आहे त्यानं पितळेचं आणावं. ते चावत नाही आणि त्यासाठी कुणी तुरुंगातही टाकत नाही.

"आबा, मोबाइलवर पाहिलं मी, अमेरिकेत पोरं पाळतात की कासवाची पिल्लं! त्यातल्या एकाचा जबडा लई डेंजर असतो."

पाळतात खरी. आणि तू पाहिलंस ते कासव मोठं गमतीचं आहे. अंगणात, रस्त्याच्या कडेला त्याची एवढीशी काळी पिल्लं सापडतात. शेपूट लांब आणि तिच्यावर करवतीसारखे दाते. न्यूयॉर्क राज्यानं तर २००६ मध्ये त्याला राज्याचा मानाचा सरपटणारा प्राणी ठरवलं. पण ते एवढं चावरं का, सांग बघू? त्याचं पोटाकडचं कवच फार छोटं असतं. ह्याच्यासारखं स्वतःला आत बंद करून घेणं त्याला जमत नाही. पाण्यात असलं तर ते गुपचूप निघून जातं, जमिनीवर गाठलं तर जबड्याशिवाय त्याच्याकडं दुसरं काय आहे? तेच पिल्लू मोठं होऊन आठ-दहा किलोचं होतं आणि मग हौसेनं पाळणाऱ्यांची पळापळ होते.

त्याची आणखी एक गंमत आहे. अंड्यातून नर निघणार की मादी, हे त्याच्या आईबापावर नाही, मातीच्या उबेवर ठरतं. घरट्यातली माती फार गार किंवा फार उष्ण असली तर माद्या निघतात, मधली असली तर नर. आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. त्यांच्या बाबतीत जितकी वाळू तापलेली तितक्या माद्या जास्त.

आता आपल्या ह्या पाहुण्याचं वय किती असेल, ओळखा.

धाकटी म्हणाली चार दिवस. थोरला म्हणाला दोन महिने. धाकटीचं जवळपास बरोबर, आणि तरी दोघांचंही चूक. अंड्यातून बाहेर येऊन त्याला फार दिवस झालेले नसणार. पण ते अंडं घातलं गेलं त्याला बहुधा नऊ महिन्यांच्या वर झाले असतील.

गेला पावसाळा सरत आला तेव्हा एखादी मादी पाण्याबाहेर आली असेल. काठाजवळ मागच्या पायांनी खळगा खणून त्यात तिनं गोल, कडक टरफलाची मूठभर अंडी घातली, माती सारखी केली आणि निघून गेली. कासवाची आई पुन्हा फिरकत नाही. त्या अंड्यात जीव जरासा वाढतो आणि थांबतो. मरत नाही, नुसता थांबतो. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, कारण कोंबडी त्याला सारखी ऊब देत बसते आणि पिल्लाला दाणे टिपायला अंगणही तयार असतं. ह्याचं पिल्लू दोन-अडीच महिन्यांत बाहेर आलं असतं तर? ऐन थंडीत आलं असतं, आणि पुढं वाढून ठेवलेला मराठवाड्यातला उन्हाळा. ना चिखल, ना बेडकाची पिल्लं, ना गोगलगायी. त्यापेक्षा अंड्यातच थांबलेलं बरं. हिवाळा जातो, माती तापते, मग आतली वाढ पुन्हा चालू होते. टरफल फोडायची वेळ येते ती नेमकी ह्या दिवसांत, जेव्हा डबकी भरलेली असतात आणि भुई नरम झालेली असते.

आपण पंचांग बघून, हवामान खात्याचा अंदाज ऐकून पेरतो आणि तरी दुबार पेरणीची पाळी येते. मला तरी ह्या अंड्याचं कौतुक जास्त वाटतं.

कासवांचा विषय निघालाच आहे तर जे. विजया या बाईंचं नाव तुम्हाला माहीत असायला हवं. सापा-कासवांचा अभ्यास करणाऱ्या भारतातल्या पहिल्या महिला संशोधक. १९८२ मध्ये त्यांनी केरळच्या जंगलातून एक असं छोटं कासव पुन्हा शोधून काढलं, जे कित्येक दशकं कुणाला दिसलंच नव्हतं. त्याच्या अभ्यासासाठी त्या जंगलातल्या गुहेत राहिल्या. अठ्ठाविसाव्या वर्षीच गेल्या. पुढं २००६ मध्ये त्या कासवाला शास्त्रज्ञांनी विजयांचंच नाव दिलं. पोरी, गुहेत राहायला तुला कुणी सांगत नाही, पण काडी सोडून डोळ्यांनी बघायला शीक.

"पण पाणीच नसलं तर हे काय करतं?" थोरल्यानं विचारलं. लातूरचं पोर आहे, पाणी नसणं त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

२०१६ आठवत नसेल तुला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलच्या बारा तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. माणसांना रेल्वे आली. कासवाला कोण आणणार? तळं आटायला लागलं की हे ओल्या गाळात स्वतःला पुरून घेतं. गाळ वरून वाळतो, त्याला भेगा पडतात, गुरं त्याच्यावरून चालतात, आणि खाली कासव अंग आवळून बसलेलं असतं. खाणं बंद, हालचाल बंद, काळजाचे ठोके मंद. अंगातलं पाणी जपून वापरत ते कित्येक महिने तसं काढू शकतं. त्यातही जमेना झालं तर रात्रीचं उठून दुसरं पाणी शोधायला चालू लागतं. जुन्या आडातला, तळ्यातला गाळ उपसताना म्हणूनच अवचित जिवंत कासव वर येतं. गाळ काढणाऱ्या जेसीबीवाल्याला हे सांगून ठेवावं असं मला फार वाटतं.

विहिरीत कासव सोडायची आपल्याकडं जुनी चाल होती ती उगीच नव्हती. मेलेला मासा, बेडूक, कुजकं काहीही ते खाऊन टाकतं. पण बांधीव विहिरीतून त्याला वर येता येत नाही, अंडी घालायला माती मिळत नाही. आपलं पाणी स्वच्छ राहतं आणि त्याचा वंश तिथंच संपतो. जुनं ते सगळंच सोनं नसतं.

मोठ्या गोदावरीत ह्याचा एक थोर भाऊबंद राहतो. त्याची पाठ वाढून अर्ध्या मीटरच्या वर जाते आणि लहानपणी तिच्यावर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. त्याला लीथचं कासव म्हणतात. मांसासाठी ते इतकं मारलं गेलं की आज जगातून नाहीसं व्हायच्या बेतात असलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. हे आपलं छोटंही त्या वाटेवर आहेच. म्हणून १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, वाघाच्या पंगतीला. ते पकडलं, पाळलं, विकलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. पोरांनी हौसेनं उचललं हे कुणीही समजून घेईल. पण ते गॅलरीतल्या टपात गेलं की ती हौस राहत नाही.

धाकटीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, कायदा बाजूला ठेव. टपात उकरायला चिखल कुठाय? पोळीच्या चुऱ्यातून त्याच्या हाडांना काय मिळणार? ज्यानं नऊ महिने मातीत बसून पाऊस गाठला, त्याला नळाच्या पाण्यात बसवायचं?

दिवस मावळायच्या आत जिथं सापडलं होतं तिथंच, ओढ्याच्या कडेला त्याला ठेवून आलो. कुठं लांब नेऊन सोडायचं नसतं, त्याला त्याचीच जागा लागते. नंतर दोघांना साबणानं हात धुवायला लावले. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि ते पोटात गेले की जुलाब-ताप. याच कारणानं अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे.

हात पुसता पुसता थोरला म्हणाला, "मग आबा, आमच्या वर्गातल्या एकाकडं काचेच्या पेटीत हिरवं कासव आहे ते? कानापाशी लाल पट्टा आहे त्याला. दुकानातून आणलंय."

ते इथलं नव्हेच. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या मुलखातलं. विकताना नाण्याएवढं असतं म्हणून घेतलं जातं. पुढं त्याची ताटलीएवढी पाठ होते आणि ते वीस-तीस वर्षं जगतं. ऊन लागतं, बसायला कोरडी जागा लागते, पाणी सारखं बदलावं लागतं. घरचे कंटाळतात आणि एक दिवस पुण्य म्हणून नदीत सोडून येतात. मग ते आपल्या कासवांचं खाणं खातं, त्यांच्या उन्हाच्या जागा बळकावतं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे.

"म्हणजे त्यानं सोडायचं नाही?"

अजिबात नाही. ना गोदावरीत, ना मांजरेत, ना देवळाच्या बारवेत. आणलंय तर नीट सांभाळायचं. आणि दुकानात कुणी आपलं इथलं कासव विकताना दिसलं तर वनखात्याचा १९२६ हा नंबर फिरवायचा.

"तो बारावी झाल्यावर पुण्याला शिकायला जाणार म्हणतो."

"मग पुण्याला कासवासकट खोली कोण देतं, ते त्याला आत्तापासून बघायला सांग."