भाषेचे बिऱ्हाड

बंगळूर शहराच्या पूर्वेस महादेवपुरा नावाचा विभाग आहे. २००७ सालापर्यंत त्याची नगरपालिका स्वतंत्र होती. त्या वर्षी तो बंगळूर महानगरपालिकेत सामील झाला. आज तेथे संगणक-उद्योगाच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांत काम करणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातून गेलेली तरुण मंडळीही आहेत. पुण्याकोल्हापुराकडच्या घरून एखाद्या आईने फोनवर विचारावे, “तू तिथे नेमके काय करतोस रे?” आणि मुलाने सांगावे, “क्लाऊडवर पायथनचे एन्व्हायरन्मेंट बांधतो.” आईच्या पदरात यातून काय पडणार? या उत्तराचा अर्थ आज आपण पाहू.

पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची एक भाषा. ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. परंतु संगणकाला ती आपण होऊन कळत नाही. त्याला दुभाष्या लागतो. या दुभाष्याच्या हाताशी पुन्हा अनेक मदतनीस प्रोग्रॅम असतात. कोणी तारखांचा हिशेब ठेवतो, कोणी आलेख काढतो, कोणी पत्रव्यवहार पाहतो. हे मदतनीसही आणखी दुसऱ्यांवर विसंबून असतात. दुभाष्या आणि त्याचा हा सारा गोतावळा मिळून जे होते, त्यालाच एन्व्हायरन्मेंट म्हणतात. आपण त्याला भाषेचे बिऱ्हाड म्हणू.

बिऱ्हाड बदलले की काय होते, याचे एक साधे उदाहरण घ्या. सातास दोनांनी भागा, अशी आज्ञा पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीला दिली, तर उत्तर येते तीन. तीच आज्ञा तिसऱ्या आवृत्तीला दिली, तर येते साडेतीन. आज्ञेतील एक अक्षरही बदललेले नसते. बदललेला असतो दुभाष्या. सात रुपये दोघांत वाटताना यामुळे प्रत्येकाचे पन्नास पैसे जातील. पण हाच हिशेब रुग्णाच्या औषधाच्या मात्रेचा असेल तर? दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली, तरी जुने प्रोग्रॅम एका दिवसात थोडेच नाहीसे होतात! म्हणूनच “माझ्या यंत्रावर तर नीट चालत होते” हे उद्गार या व्यवसायात वारंवार ऐकू येतात.

यावर तोडगा असा, की प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर बिऱ्हाड थाटण्याऐवजी ते एकाच ठिकाणी बांधावे आणि सर्वांनी तेथूनच न्यावे. हे ठिकाण म्हणजे क्लाऊड. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे: भाड्याने मिळणाऱ्या संगणकांची मोठी कोठारे. ॲमेझॉन कंपनीने आपले असे केंद्र २०१६ साली मुंबईत सुरू केले. तेव्हा महादेवपुऱ्यात कळ दाबावी आणि यंत्र मुंबईत चालावे, असेही घडू शकते.

कामाची रीत पुढीलप्रमाणे असते. प्रथम एक यादी लिहितात: कोणती भाषा, तिची कोणती आवृत्ती, कोणते मदतनीस आणि प्रत्येकाची नेमकी आवृत्ती. मग दूरच्या कोऱ्या यंत्रावर या यादीबरहुकूम बिऱ्हाड बांधले जाते. तयार वस्तूच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतात. आत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. बिऱ्हाड नेणाऱ्याने तो जुळवून पाहावा, म्हणजे वाटेत कोणी ढवळाढवळ केली नाही याची खात्री पटते.

यादीचा दुसरा उपयोग संकटकाळी कळतो. लॉग-फोर-जे हा जावा भाषेतील एक मदतनीस. यंत्रात जे घडेल त्याचा रोजनामचा लिहिणे एवढेच त्याचे काम. डिसेंबर २०२१ मध्ये त्यात असा दोष उघडकीस आला, की परक्याने विशिष्ट मजकूर धाडला की त्याला त्या यंत्रावर आपल्या आज्ञा चालविता याव्यात. जगभरच्या कचेऱ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला: हा मदतनीस आपल्या घरात आहे काय? ज्यांच्यापाशी यादी होती त्यांना ती चाळून उत्तर देता येणार होते. ज्यांच्यापाशी नव्हती त्यांच्या नशिबी कोपरान् कोपरा धुंडाळणे आले.

मात्र यंत्र यादी पाळते, ती पारखीत नाही. यादीतच चूक असेल, तर तीच चूक तंतोतंत शंभर ठिकाणी पोहोचते. शिवाय कोठार परक्याचे. त्याचे भाडे वाढेल, नियम बदलतील. यासाठी यादीची प्रत आपल्यापाशी असावी आणि ती अधूनमधून डोळ्यांखालून घालावी.

तेव्हा त्या मुलाने आईला सांगावे, “आई, दुसऱ्यांचे प्रोग्रॅम ज्या बिऱ्हाडात राहतात, त्यातील सामानाची यादी मी राखतो.” तिला ते तत्काळ कळेल. घरातल्या डब्यात काय आहे आणि ते केव्हा भरले, हे ध्यानात ठेवण्याचे काम तिने जन्मभर केलेले आहे.