गव्हाचा भाव, गहूचा भाव

जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, शेतकरी आणि आडते यांचं बोलणं ऐकत उभं राहिलं, तर एक गोष्ट लक्षात येते. पाटीवर गहू, तूर, उडीद, हरभरा, कापूस असं लिहिलेलं असतं; बोलण्यात ही नावं त्या रूपात क्वचितच येतात. गव्हाला काय भाव, तुरीचं काय झालं, उडदाची आवक घटली, हरभऱ्यात ओल आहे, कापसाला अजून थांबा. प्रत्येक पीक वाक्यात शिरताना आपलं रूप बदलतं, आणि प्रत्येकाची बदलायची तऱ्हा निराळी. बोलणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, कारण हे नियम त्याने शाळेत जाण्याआधीच आत्मसात केलेले असतात.

संगणकाला ते येत नाहीत. बाजारभाव कळवणारा मेसेज तयार करताना प्रोग्रॅमर एक साचा लिहितो: आधी रिकामी जागा, तिला चिकटून 'चा आजचा भाव', पुढे आकडा. रिकाम्या जागेत पिकाचं नाव यादीतून येऊन बसतं. इंग्रजीत हे निभतं, कारण तिथे संबंध दाखवणारा शब्द नावाच्या आधी, सुटा येऊ शकतो आणि नाव जसंच्या तसं राहतं. मराठीत त्याच साच्यातून 'गहूचा', 'कापूसचा', 'मकाचा', 'हरभराचा' असे शब्द बाहेर पडतात. ज्वारी, बाजरी आणि सोयाबीन तेवढी बरोबर येतात. धोका नेमका तिथेच आहे, कारण ज्याने तपासताना ही तीनच पिकं घालून पाहिली, त्याला साचा निर्दोष वाटतो.

प्रत्यय लागण्याआधी नामाचं जे रूप तयार होतं त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. मका आणि हरभरा हे आकारान्त पुल्लिंगी शब्द, म्हणून मक्या-, हरभऱ्या-. मूग आणि ऊस यांचा दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो: मुगाचा, उसाचा. तूर स्त्रीलिंगी, म्हणून तुरीचा. कापूस आणि उडीद यांच्या मधल्या अक्षरातला स्वरच गळतो: कापसाचा, उडदाचा. गहू तर आपलं शेवटचं अक्षर पार बदलून 'गव्हा-' होतो. आता कुणी म्हणेल, तीन अक्षरी शब्दात मधलं अक्षर दीर्घ असेल तर त्याचा अकार करा, झाला नियम. मग शरीराचं काय? तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्याचं 'शरराला' होत नाही. जमीन स्त्रीलिंगी, तिचं जमिनीला होतं. म्हणजे शब्दाचं स्पेलिंग पाहून भागत नाही; त्याचं लिंग आणि तो कुठून आला हेही माहीत असावं लागतं.

हे ज्ञान दुर्मीळ नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ १९११चा. ऱ्हस्व-दीर्घासह शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा कलमांत बसवले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले. नियम आहेत, अपवाद नोंदलेले आहेत. साचा लिहिणाऱ्याच्या टेबलावर ते पोहोचत नाहीत, आणि मला याची खंत वाटते.

शब्दांची रूपं बदलण्याचं काम प्रोग्रॅमिंगमध्ये कुणी केलंच नाही असं नाही. इंग्रजीसाठी ते आवडीने झालं आहे. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये लोकांपुढे आणलेल्या 'रुबी ऑन रेल्स' या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) असं ठरवलेलं आहे की कोडमध्ये वस्तूचं नाव एकवचनी लिहायचं आणि तिच्या नोंदींच्या टेबलाचं नाव अनेकवचनी. एकावरून दुसरं चौकट स्वतः काढते. त्यासाठी तिच्यात इंग्रजी अनेकवचनांचे नियम आणि अपवाद ओळीने भरलेले आहेत. 'पर्सन'चं 'पीपल' होतं हे तिला ठाऊक असतं. काही आवृत्त्यांत तर 'काउ'चं अनेकवचन म्हणून 'काइन' हा इंग्रजीतून कधीच मागे पडलेला शब्द येत असे. पुढे तो काढला. एका भाषेच्या अनेकवचनासाठी इतका जीव लावता येतो, तर आपल्या सामान्यरूपासाठीही लावता येईल.

त्याच चौकटीत दुसरं एक काम होतं, नावाची लेखनशैली बदलण्याचं. कोडमध्ये नावाच्या मध्ये मोकळी जागा चालत नाही. मग जावामध्ये दोन शब्द जोडून दुसऱ्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतात. उंटाच्या पाठीवर उंचवटा दिसावा तसं दिसतं म्हणून ती 'कॅमल केस'. पायथॉन आणि रुबीमध्ये शब्दांमध्ये खाली रेघ देतात, ती 'स्नेक केस'. आडवी रेघ बहुतेक भाषांत वजाबाकी समजली जाते, म्हणून ती 'कबाब केस' मुख्यतः वेब पत्त्यांत दिसते. एका शैलीतून दुसरीत जाण्याची रीत सोपी आहे: कॅपिटल अक्षर शोधा, त्याआधी रेघ घाला, अक्षर लहान करा.

देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही. त्यामुळे ही रीत आपल्या लिपीत पहिल्या पायरीवर थांबते. पायथॉनमध्ये २००८ पासून, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीपासून, व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं. 'कापूस_भाव' हे तिथे रास्त नाव आहे. 'कापूसभाव' असं जोडून लिहिलं, तर शब्द कुठे तुटतो हे शोधायला संगणकाला काही खूण उरत नाही. देवनागरीत लिहायचं तर खालची रेघ हाच मार्ग. तरी अडचण संपत नाही. 'हरभऱ्या'तला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र आणि हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. पायथॉन पहिला प्रकार नावात स्वीकारतो, दुसरा नाकारतो. आणि शोध घेताना दोन्ही रूपं आधी सारखी करून घेतली नाहीत, तर एका प्रकारे लिहिलेली नोंद दुसऱ्या प्रकारे सापडत नाही.

वेब पत्त्यांत याहून मोठी हानी होते. 'जँगो' या पायथॉनमधल्या चौकटीत शीर्षकापासून पत्ता बनवायचं तयार साधन आहे. मूळ स्थितीत ते देवनागरी सगळीच गाळतं. इतर लिप्या चालू द्या असं सांगितलं, की अक्षरं ठेवतं आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार काढून टाकतं. कारण असं, की पायथॉनच्या शब्द ओळखण्याच्या नेहमीच्या पद्धतीत अक्षर आणि अंक शब्दात मोडतात, पण काना-मात्रांचा युनिकोडमधला वर्ग 'खुणा' असा वेगळा आहे आणि तो बाहेर राहतो. युनिकोडचं स्वतःचं मार्गदर्शन खुणांनाही शब्दात धरायला सांगतं. या साधनातून जालना जिल्ह्याचे आठ तालुके गेले, तर जालन्याचं 'जलन', अंबडचं 'अबड', परतूरचं 'परतर', भोकरदनचं 'भकरदन', बदनापूरचं 'बदनपर', घनसावंगीचं 'घनसवग', जाफराबादचं 'जफरबद' आणि मंठ्याचं 'मठ' होतं. मठ आणि माठ यांचंही 'मठ'च होतं, म्हणजे तीन वेगळे शब्द एका पत्त्यावर येतात. म्हणून लोक रोमन अक्षरांकडे वळतात. तिथे जाफराबाद कधी एका एफने लिहिलेलं सापडतं, कधी दोन एफनी, आणि घनसावंगीतला व दोन वेगळ्या अक्षरांत.

गावाच्या नावावर काहीच बांधू नये, हा यातून निघणारा पहिला धडा. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला क्रमांक दिलेला आहे. ओळख त्या क्रमांकाने ठेवावी. शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. ज्यांच्या कोडमध्ये व्हेरिएबलच्या नावातच जिल्हा गुंफलेला होता, त्यांना जागोजागी हात घालावा लागतो. ज्यांनी क्रमांक ठेवला, त्यांना यादीतली एक ओळ बदलून चालतं.

माणसाला दाखवायचं नाव मात्र मराठीत आणि बरोबर रूपात हवं. आपल्या कार्यालयीन मराठीने यातून एक वाट फार पूर्वी काढली आहे. 'मु. पो. जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना' या पत्त्यात एकाही नावाला प्रत्यय लागत नाही. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव दोन शब्दांचं आहे, तरी पत्त्यात अडत नाही. 'मंठा येथे' असं लिहिलं की नाव अबाधित राहतं. 'जालना जिल्ह्यात' म्हणताना वाकतो तो 'जिल्हा' शब्द, 'जालना' तसाच राहतो. नोटिशीत आणि फॉर्मवर ही रीत उत्तम आहे. पण 'आपली बस मंठा येथे जाण्यासाठी सज्ज आहे' असं कुणी आपल्या आईशी बोलत नाही. मोबाइलवरचा मेसेज घरच्या बोलण्याच्या जवळ यायला हवा असेल, तर 'मंठ्याला' यायलाच हवं.

उलट्या दिशेचं काम अधिक कठीण आहे. कुणी 'जालन्यातील शाळा' असं शोधलं, तर शोधयंत्राने 'जालना'पर्यंत मागे यायला हवं. 'जालन्या' हे रूप जालना शब्दाचं असू शकतं आणि 'जालने' असा शब्द असता तर त्याचंही. 'पुण्याला' हे पुणे शहराचंही रूप आहे आणि पुण्य शब्दाचंही. निव्वळ नियमांनी हा गुंता सुटत नाही. कोणती नावं खरोखर आहेत याची यादी जवळ असावी लागते.

म्हणून माझा आग्रह यादीचा आहे. पिकांच्या किंवा गावांच्या यादीत नावापुढे त्याची रूपंही लिहून ठेवावीत. एक रूप पुरत नाही: आपण 'परतूरला' दीर्घ म्हणतो आणि 'परतुरात' ऱ्हस्व, 'बदनापूरला' आणि 'बदनापुरात', 'जाफराबादला' आणि 'जाफराबादेत'. म्हणजे मूळ नाव, 'ला' आणि 'चा' यांच्या आधीचं रूप, आणि 'त' लागून होणारं रूप, असे तीन रकाने. मंठ्याच्या ओळीत मंठा, मंठ्या, मंठ्यात. मोंढ्यातली पिकं दोन-तीन डझन, त्यांची यादी एका दुपारी होते. जिल्ह्यातली गावं नऊशेहून अधिक. ती भरायला त्या त्या तालुक्यातला माणूस हवा, कारण आपल्या गावाला काय म्हणतात हे तिथलेच लोक सांगू शकतात. मराठी शिकवणारे शिक्षक आणि गावाचा तलाठी यांनी मिळून हे करावं, आणि तयार झालेले रकाने शासनाच्या गावयादीत क्रमांकाशेजारी सर्वांना मोकळे ठेवावेत.