सुरतेची जर आणि बॅटरीतली झुडपं

अलथाणच्या बस डेपोत सुरत महापालिकेने छतावर १०० किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले आणि दिवसाची वीज रात्री बसगाड्यांना देता यावी म्हणून २२४ किलोवॅट-तासांची बॅटरीही. तीसुद्धा आधी गाड्यांत वापरून झालेली. ही बातमी वाचून उधन्याच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : वीज साठवणं मुलांना शिकवायला सुरुवात कुठून करू?

जरीपासून करा, ताई. येवल्याच्या पैठणीला जर जाते ती सुरतेहूनच. तांब्याच्या तारेवर विजेने चांदी चढवायची, तार चपटी करून धाग्यावर गुंडाळायची, वर सोन्याचा मुलामा द्यायचा. द्रावणातले धातूचे आयन ऋणाग्रावर येऊन बसतात. जस्ताची बॅटरी चार्ज होताना तिच्यातही हेच घडतं. पुस्तकात मात्र विद्युतघट एका धड्यात आणि मुलामा दुसऱ्याच धड्यात. दोन्ही एकाच क्रियेच्या उलटसुलट दिशा आहेत, हे मुलांच्या ध्यानात येणार कसं?

चांदीचा मुलामा वर्गात नको, त्यात सायनाइड असतं. काचेच्या बशीत झिंक सल्फेटचं पातळ द्रावण घ्या, जस्ताच्या दोन पट्ट्या समोरासमोर बुडवा आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडा. थोड्या वेळात ऋण पट्टीच्या कडेला नेच्याच्या पानासारखी करडी नक्षी फुटू लागेल. जिथे जरासा उंचवटा, तिथे आयन आधी पोचतात. म्हणून टोक वाढतं आणि वाढलेलं टोक आणखी आयन ओढतं. जरीचा कारागीर विजेचा प्रवाह बेताचा ठेवतो तो यासाठीच, नाहीतर थर खडबडीत होतो.

याच झुडपांनी लिथियमवाल्यांना छळलं. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी केलेल्या बॅटरीत लिथियम धातूच होता. चार्ज करताना त्याची झुडपं वाढून पलीकडच्या अग्राला भिडत आणि आग लागे. तोडगा असा निघाला की लिथियमचा थर बसूच द्यायचा नाही, त्याला कार्बनच्या थरांमध्ये शिरू द्यायचं. ग्राफाइटमध्ये लिथियम घालता येतो आणि परत काढताही येतो, हे १९८०च्या सुमारास ग्रेनोबलला दाखवलं रशीद याझामी यांनी. आज बहुतेक लिथियम बॅटऱ्यांत ग्राफाइटच असतं. तरीही २०१९चं नोबेल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना मिळालं. तिघांची योग्यता वादातीत; पण याझामींचं नाव फळ्यावर लिहायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग बशीतल्या तारांची अदलाबदल करा. झुडपं विरघळू लागतील, पण काही तुकडे मुळापासून तुटून तळाशी पडतील. पट्टीशी संबंध तुटला की ते जस्त बॅटरीच्या कामाचं राहत नाही. लिथियम बॅटरीची क्षमता घटते ती मुख्यतः वेगळ्या कारणाने : ग्राफाइटवर साचणाऱ्या पापुद्र्यात थोडा थोडा लिथियम कायमचा अडकतो. गाडीला पुरेनाशी झालेली अशी बॅटरी डेपोत मात्र वर्षानुवर्षं चालते, कारण तिथे तिच्या वजनाची फिकीर कुणालाच नसते.