प्रयोगशाळेतील मेंदू-ऊती : आशा, मर्यादा आणि वैद्याचे कर्तव्य

चांदीपुरा हे नागपूर जिल्ह्यातील एक लहानसे गाव. १९६५ साली या भागात तापाची साथ आली असता पुण्याच्या त्या वेळच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला व त्यास याच गावाचे नाव दिले. पुढे जवळजवळ चार दशके हा विषाणू ग्रंथांतील एक नोंद म्हणूनच राहिला. २००३ मध्ये मात्र आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली, त्यांतील १८३ दगावली आणि चांदीपुरा हे नाव पुन्हा पुढे आले. २००७ मध्ये आपल्या नागपूर विभागातील बालकांत त्याची साथ झाली. २०२४ च्या पावसाळ्यात देशात मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांपैकी ८२ मृत्यू पावले. एकूण रुग्णांपैकी ६४ जणांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांना या व्याधीचे स्वरूप नव्याने सांगण्याची गरज नाही. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी त्याचा प्रसार करते. सकाळी खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणते, रात्री त्यास झटके येतात आणि पुष्कळदा दुसरा दिवस उजाडण्यापूर्वीच सारे संपते. या विषाणूवर विशिष्ट औषध नाही, लसही नाही. एवढ्या थोड्या अवधीत हा विषाणू बालकाच्या मेंदूत नेमके काय करतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधणे कठीण आहे. जिवंत बालकाचा मेंदू उघडून पाहता येत नाही. शोकाकुल आईबापांकडे शवविच्छेदनाची परवानगी मागणेही जड जाते. उंदराचा मेंदू मानवी मेंदूहून फार भिन्न. अशा वेळी गेल्या काही वर्षांत एक वेगळाच मार्ग पुढे आला आहे : मानवी पेशींपासून मेंदूची ऊती प्रयोगशाळेतच वाढविण्याचा. या शास्त्रापासून काय आशा धरावी, कोठे सावध राहावे आणि आपल्या व्यवसायाशी त्याचा संबंध कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊती कशी तयार होते?

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये मानवाच्या त्वचेतील प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन दाखविले. त्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा मूलपेशीस योग्य पोषण व योग्य संकेत दिले, तर ती शरीरातील जवळजवळ कोणत्याही पेशीचे रूप घेऊ शकते. २०१३ मध्ये व्हिएन्ना येथे मॅडलिन लँकेस्टर व युर्गन नोब्लिख यांनी अशा पेशींचे गोळे जेलच्या थेंबात ठेवून, सतत फिरणाऱ्या पोषक द्रवात वाढविले. काही आठवड्यांत त्यांतून गर्भावस्थेतील मेंदूच्या थरांशी साम्य असलेली रचना आपोआप उभी राहिली. तिला ऑर्गनॉइड म्हणतात. आपण तिला अवयवकल्प म्हणू. जे अवयवासारखे आहे, पण अवयव नाही, ते अवयवकल्प.

तिचा आकार सुमारे चार मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. त्यात रक्तवाहिन्या नसल्याने पोषण आतपर्यंत पोहोचत नाही आणि दाण्याचा गाभा मरू लागतो. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. या दाण्यात त्यांचा अत्यल्प अंश असतो. तेव्हा ‘काचेच्या बशीत मेंदू तयार झाला’ असे मथळे वाचल्यावर हे प्रमाण ध्यानी ठेवावे.

आपल्या देशातही या शास्त्राचा पाया घातला गेला आहे. मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मानवी भ्रूणापासून ‘काइंड-१’ व ‘काइंड-२’ या मूलपेशींच्या वंशावळी विकसित केल्या. पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरविते. बंगळूर येथील निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २०२१ मध्ये, अशी ऊती वाढत असतानाच तिचे निरीक्षण करता येईल असे लहानसे उपकरण त्रिमिती मुद्रणाने तयार केले.

आजवर काय साधले?

या पद्धतीची पहिली मोठी कसोटी झिका विषाणूने घेतली. ब्राझीलमध्ये २०१५ च्या सुमारास लहान डोक्याची बालके मोठ्या संख्येने जन्मास येऊ लागली. झिका हेच त्याचे कारण आहे काय, याविषयी शंका होती. २०१६ मध्ये अवयवकल्पांवर केलेल्या प्रयोगांत हा विषाणू चेतापेशींच्या जनक पेशींवरच आघात करतो व त्यामुळे ऊतीची वाढ खुंटते, हे प्रत्यक्ष दिसले. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला. म्हणजे हा विषय आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही.

दुसरे उदाहरण टिमथी सिंड्रोम या दुर्मिळ जन्मजात व्याधीचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्जिऊ पाश्का यांच्या गटाने रुग्णांच्याच पेशींपासून मेंदूची ऊती वाढविली, ती उंदराच्या जातीतील प्राण्याच्या मेंदूत रुजविली आणि जनुकाच्या सदोष संदेशास आवर घालणारे द्रव्य तिच्यावर परिणाम करते असे २०२४ मध्ये दाखविले. हे अद्याप रुग्णोपचार नव्हेत. परंतु ज्या व्याधीसाठी प्राण्यांतील योग्य नमुनाच उपलब्ध नव्हता, तेथे एक वाट उघडली, हे खरे.

चांदीपुराच्या बाबतीतही या मार्गाचा उपयोग होऊ शकतो. विषाणू कोणत्या पेशीत प्रथम शिरतो, ती पेशी किती तासांत मरते, कोणते द्रव्य त्यास रोखते, हे प्रश्न अशा ऊतीस विचारता येतील. मात्र येथेच मर्यादाही दिसते. २००३ च्या साथीनंतर काही चिकित्सकांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचा संशय व्यक्त केला होता. ज्या ऊतीत रक्तवाहिन्याच नाहीत, ती या संशयाचे उत्तर देऊ शकत नाही. शिवाय ही ऊती गर्भमेंदूसारखी असते आणि आजारी पडते ते पाच-सात वर्षांचे मूल. नमुन्यावरून निष्कर्ष काढताना हे अंतर विसरून चालणार नाही.

चेतनेचा प्रश्न

आता मुख्य नैतिक प्रश्नाकडे वळू. यकृताची ऊती बशीत वाढविली तर कोणी अस्वस्थ होत नाही. मेंदूची वाढविली की मन चरकते. या दाण्यास वेदना होत असेल काय? त्यास काही जाणवत असेल काय?

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियात अलिसन मुओत्री यांच्या गटाने काही महिने वाढविलेल्या ऊतीत विद्युत्-तरंग नोंदविले; अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या मेंदूतील तरंगांशी त्यांचे काही साम्य आढळले. २०२१ मध्ये जर्मनीत जय गोपालकृष्णन यांच्या गटाने वाढविलेल्या ऊतीवर प्रकाशास प्रतिसाद देणारे नेत्रांकुर उगवले. २०२२ मध्ये मेलबर्न येथे बशीतील सुमारे आठ लाख चेतापेशींना संगणकाच्या साध्या चेंडूफळीच्या खेळाशी जोडले असता त्यांचा प्रतिसाद सुधारत गेल्याचे दिसले. या शेवटच्या प्रयोगाच्या वर्णनात ‘संवेदनक्षमता’ हा शब्द वापरल्याबद्दल अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला आणि तो योग्यच होता.

येथे आपल्या शास्त्राची चौकट उपयोगी पडते. चरकाचार्यांनी आयु म्हणजे शरीर, इंद्रिय, सत्त्व आणि आत्मा यांचा संयोग, असे सांगितले आहे. या कसोटीवर तुरीएवढा अवयवकल्प हा शरीराचा केवळ एक तुटलेला अंश ठरतो. त्यास इंद्रिये नाहीत, विषयांचे ग्रहण नाही, म्हणून सत्त्वाच्या व्यापारास आधार नाही. तेव्हा आज जे बशीत आहे त्यास जीव समजून भयभीत होण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वेही, सध्याच्या अवयवकल्पांत वेदना वा जाणीव असल्याचा पुरावा नाही, असेच सांगतात.

परंतु हीच चौकट सावधही करते. सुश्रुताचार्यांनी गर्भाच्या चौथ्या महिन्यात चेतनाधातूची अभिव्यक्ती, पाचव्यात मनाचे अधिक प्रबोधन आणि सहाव्यात बुद्धी, असा क्रम वर्णिला आहे. चेतना क्रमाक्रमाने व्यक्त होते, हा त्यातील मर्म. बशीतील ऊतीस आज नेत्रांकुर आले, उद्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या, परवा विद्युत्संकेतांच्या द्वारे बाह्य जगाशी तिचा नित्य संबंध आला, तर इंद्रियांचा अभाव हे आपले उत्तर त्याच प्रमाणात दुबळे होईल. म्हणून ऊती जसजशी संपन्न होईल, तसतसे तिच्या वापरावरील बंधनही वाढत जावे. सरसकट बंदीही नको आणि सरसकट मोकळीकही नको, असे आमचे मत आहे.

ज्ञानासाठी मानवी देहास हात लावावा की नाही, हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाही. सुश्रुताचार्यांनी शल्यज्ञानार्थ शवाचे परीक्षण आवश्यक मानले. परंतु शव कोणते घ्यावे, ते कसे गुंडाळावे, पाण्यात पिंजऱ्यात किती रात्री ठेवावे, याचे नियमही घालून दिले. जिज्ञासेस त्यांनी रोखले नाही, तिला विधी दिला.

पेशी कोणाच्या?

दुसरा नैतिक प्रश्न संमतीचा आहे आणि तो अधिक तातडीचा आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी तिच्या नकळत घेतल्या गेल्या. ‘हेला’ नावाने त्या जगभर वाढविल्या व विकल्या गेल्या. तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये, म्हणजे बहात्तर वर्षांनी.

देवरी, सालेकसा वा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखाद्या आदिवासी बालकाच्या रक्तापासून उद्या मूलपेशी तयार झाल्या, तर त्या बालकाच्या पित्यास काय सांगितले जाईल? ‘तपासणीसाठी रक्त घेतो’ एवढेच सांगणे म्हणजे संमती नव्हे. या रक्तापासून मेंदूची ऊती वाढविली जाऊ शकते, ती वर्षानुवर्षे टिकू शकते, ती प्राण्यात रुजविली जाऊ शकते, त्यातून कोणी अर्थार्जन करू शकतो, हे त्याला त्याच्या भाषेत, गोंडी असेल तर गोंडीत, समजावून सांगितले पाहिजे. नकार दिल्यास उपचारात काही उणे पडणार नाही, हेही त्यास कळले पाहिजे. गावचा वैद्य हा अशा कुटुंबाचा विश्वासू माणूस असतो. कागदावर अंगठा उमटविण्यापूर्वी ते त्यालाच विचारतात. म्हणून हे प्रश्न त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

बाजारापासून सावधान

मूलपेशींच्या नावावर चालणारा बाजार हा या विषयाचा तिसरा पैलू. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, स्मृतिभ्रंश अशा व्याधींनी ग्रस्त बालकांचे व वृद्धांचे नातलग शहरातील जाहिराती पाहून आपल्याकडे सल्ल्यासाठी येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांतील मान्य प्रत्यारोपण वगळता, मंजूर चाचणीबाहेर रुग्णास मूलपेशी देणे अनैतिक ठरते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी-उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. जमीन गहाण टाकण्याच्या तयारीत असलेल्या बापास हे दोन दाखले सांगितले, तरी वैद्याचे मोठे कार्य झाले.

हाच नियम आपल्या घरासही लागू आहे. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी या मेध्य रसायनांची परीक्षा मानवी मेंदू-ऊतीवर करता येईल, ही संधी खरोखरच मोठी आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून, प्राण्यांऐवजी अवयवकल्पांसारख्या पद्धतींनी केलेल्या चाचण्यांनाही मान्यता दिली आहे. परंतु वनस्पतीचा अर्क बशीतील पेशींवर ओतणे आणि रुग्णाने अनुपानासह औषध सेवन करणे, यांत महदंतर आहे. बशीत जठराग्नी नाही, धात्वग्नी नाही, यकृत नाही. रक्त व मेंदू यांच्यामधील पडदाही नाही. बशीतील एका शुभ निष्कर्षावरून ‘मेंदूवर सिद्ध’ अशी चिठ्ठी बाटलीवर चिकटविणे ही शास्त्राची वंचना होईल. मेंदूच्या विकारांवरील औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्यान्वये गुन्हा ठरते, हेही औषधी-दुकानदारांनी विसरू नये.

त्याचप्रमाणे प्रतिकूल निष्कर्षही स्वीकारण्याची तयारी हवी. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यास केवळ कारस्थान म्हटले. वाढत्या मेंदूवर शिशाचा व पाऱ्याचा परिणाम पाहण्यास ही ऊती फार सोयीची आहे. आपले शोधन-मारण योग्य असेल तर त्यास कसोटीचे भय नाही. ते कोठे उणे पडत असेल, तर ते आपल्यालाच प्रथम कळले पाहिजे. कारण ते औषध आपण गर्भिणीस व बालकास देतो.

अस्तु. चांदीपुऱ्यावरील औषध उद्या एखाद्या तुरीएवढ्या ऊतीतून गवसेलही. ते गवसेपर्यंत आपले कर्तव्य साधे आहे. पावसाळ्यात बालकास तीव्र ताप, उलट्या, झटके वा गुंगी दिसताच चूर्ण-काढ्यात एक घटकाही न दवडता त्यास रुग्णालयात पोहोचवावे. घराच्या भिंतींच्या भेगा लिंपून घेण्यास व मुलास मच्छरदाणीत निजविण्यास सांगावे. नव्या शास्त्राकडे कुतूहलाने पाहावे, त्याच्या नावावर होणाऱ्या विक्रीकडे संशयाने पाहावे आणि ज्या बालकासाठी हा सारा खटाटोप आहे, त्याच्यावरची दृष्टी ढळू देऊ नये.