ससून बंधूंची वाटणी

काळाचौकीतल्या ज्या बंद गिरणीत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय उभारायचे ठरवले, ती इंडिया युनायटेड क्रमांक 2-3. हा गिरणीसमूह मूळचा ई. डी. ससून कंपनीचा, आणि ती कंपनी जन्मली भावाभावांच्या वाटणीतून. बगदादहून येऊन मुंबईत स्थिरावलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून 1864 साली वारले. पेढीची सूत्रे थोरल्या अब्दुल्लाकडे, म्हणजे पुढच्या सर अल्बर्टकडे गेली. चीनमधला व्यापार ज्याने उभा केला तो पाठचा एलियास भावाच्या हाताखाली राहायला तयार नव्हता. 1867 साली त्याने वेगळी चूल मांडली, आणि कापूस नि अफूच्या व्यापारात दोन्ही पेढ्या एकमेकींसमोर ठाकल्या.

तोरा या ज्यू धर्मग्रंथातली भाऊबंदकी बहुतेकदा बापाच्या पक्षपातातून पेटते. इसहाकाचा ओढा एसावाकडे. याकोबाने तर योसेफाला वेगळा झगाच करून दिला. म्हणूनच तोरातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात कायदा आहे : दोन बायकांपैकी नावडतीचा मुलगा थोरला असेल, तर त्याचा दुप्पट वाटा आवडतीच्या मुलाला देऊ नये. डेव्हिड ससूनने थोरलेपणाचा मान राखला. अब्दुल्ला आणि एलियास एकाच आईचे. तरीही घर फुटले. याचा अर्थ मला असा दिसतो की न्यायाने वाटले तरी कर्ते दोन आणि गादी एक असेल, तर तेढ टळत नाही. यावरचा उपायही तोराच सांगते. मालमत्ता इतकी वाढली की याकोब आणि त्याचा भाऊ एसाव या दोघांचे एका प्रदेशात भागेना, तेव्हा एसाव सेईरच्या डोंगराळ मुलखात निघून गेला. त्याआधी दोघे गळ्यात गळा घालून रडले होते, आणि इसहाकाला मूठमातीही दोघांनी मिळून दिली.

वेगळे होणे म्हणजे नात्याची हारच, असे कोणी म्हणेल. आब्राहामाची गोष्ट तसे म्हणू देत नाही. गुराख्यांच्या भांडणावरून त्याने पुतण्या लोटाला आधी जागा निवडू दिली आणि स्वतः बाजूला झाला. पण लोट कैद झाल्याचे कळताच 318 माणसे घेऊन तो धावला. ससूनांच्या दोन पात्यांत असा प्रसंग मला दिसत नाही, त्यांची चढाओढ कडवीच होती. पण एकाने दुसऱ्याचे ससूनपण कधी नाकारले नाही.

नाकारणे घडले ते दुसऱ्याच भावांच्या बाबतीत, आणि तिथे वाटणीचे हे समर्थन लागू पडत नाही. कोकणात तेलघाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल ज्यू मराठी बोलत. पुढे त्यांच्यातले कित्येक ससूनांच्याच गिरण्यांत कामाला लागले. त्यांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी, असा अर्ज मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी 1836 साली सरकारकडे केला होता. धर्मरीती निराळ्या होत्या, हे त्यावरचे उत्तर मला पटत नाही. एसावाच्या रीतीही निराळ्याच होत्या, पण बापाला पुरताना याकोबाने त्याला दूर ठेवले नाही. या भिंतीमागचा संशय इस्रायलपर्यंत पोहोचला. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी मागितली. जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत.