मासा गळाला का लागतो?

ठाण्यातील एखाद्या तलावावर किंवा कल्याणला उल्हास नदीकाठी गळ टाकून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. दोघे शेजारी शेजारी बसतात. एकाला तासाभरात चार मासे मिळतात, दुसऱ्याच्या दोरीला साधा हिसकाही बसत नाही. "नशीब एकेकाचे!" म्हणत तो घरी जातो. हे खरोखर नशीब असते का?

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी असेल, तर मासा वासाने आला असे म्हणता येईल. पण काही जण गळाला खाद्य लावतच नाहीत. पिसे आणि रंगीत दोरा गळाभोवती गुंडाळून ते एक खोटी माशी बनवतात व ती पाण्यावर अलगद सोडतात. यालाच 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. युरोपात ट्राऊट मासा असा पकडतात. आपल्या देशातील नद्यांत राहणारा महसीरही अशा माशीवर झडप घालतो. या माशीला ना अन्नाचा वास, ना चव. मग मासा फसतो कसा?

हे समजण्यासाठी आपण माशाच्या जागी जाऊन वर पाहू. काचेचा सरळ पेला पाण्याने पाऊण भरा आणि डोळ्यांपेक्षा थोडा उंच धरा. बाजूच्या काचेतून पाण्याच्या पृष्ठभागाकडे खालून वर पाहा. पृष्ठभाग चांदीच्या आरशासारखा चकाकेल! आता पेन्सिलीचे टोक वरून पाण्याला हलकेच टेकवा. पेन्सिल दिसणार नाही, पण टोक टेकले तेथे आरशाला खोट पडलेली दिसेल.

याचे कारण तुम्ही वक्रीभवनाच्या धड्यात शिकला आहात. पाण्याचा क्रांतिक कोन सुमारे ४८.६ अंश आहे. त्याहून तिरप्या किरणांचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. म्हणून माशाला बाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. खिडकीभोवती सगळा आरसा. मासा १ मीटर खोल असेल, तर खिडकीचा व्यास सुमारे सव्वादोन मीटर असतो. मासा वर येऊ लागला, की खिडकी लहान होत जाते.

पाण्यावर बसलेल्या कीटकाच्या पायांमुळे पृष्ठताणाच्या पडद्याला बारीक खळगे पडतात. कीटक अजून खिडकीबाहेर असतानाच माशाला आरशात हे प्रकाशाचे ठिपके दिसतात. पिसांचे तंतूही तसेच खळगे पाडतात. म्हणजे माशी आपल्याला वरून कशी दिसते, याला महत्त्व नाही. ती खालून कशी दिसते, याला आहे.

काठावर उभा असलेला माणूसही या खिडकीच्या कडेला दिसतो. म्हणून पाण्यालगत उभे राहून हातवारे करणाऱ्यापेक्षा, मागे खाली बसणाऱ्याला मासे अधिक मिळण्याचा संभव असतो. गप्पांचा आवाज हवेतून पाण्यात फारच थोडा शिरतो. पाय आपटले तर मात्र हादरे जमिनीतून थेट पाण्यात जातात.

पावसाळ्यात पाणी गढूळ होते. तेव्हा काय? बाजारात रोहू मासा दिसला, तर त्याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेघ पाहा. ही पार्श्वरेषा. तिच्यातील सूक्ष्म केसांना जवळपासच्या पाण्याची हालचाल जाणवते. म्हणूनच धडपडणाऱ्या बेडकावर मरळ अचूक झेपावतो.

तरीही एक शंका उरते. पिसांचा झुबका आणि खरी माशी यांत माशाला फरक कळू नये? निको टिंबर्गेन या शास्त्रज्ञाने स्टिकलबॅक नावाच्या लहान माशांवर प्रयोग केले. विणीच्या काळात या नराचे पोट लाल होते आणि तो दुसऱ्या नरावर धावून जातो. टिंबर्गेन यांनी माशासारखे न दिसणारे, पण खालून लाल रंगवलेले ठोकळे पाण्यात सोडले. नर त्यांच्यावरही तुटून पडले! प्राणी पुष्कळदा संपूर्ण वस्तू न पाहता एखाददुसरी खूण पाहूनच कृती करतात. प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनाबद्दल टिंबर्गेन यांना १९७३ साली दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

भक्ष्याच्या बाबतीतही तसेच आहे. विचार करीत बसले, तर भक्ष्य निसटते. खुणा जुळल्या, की मासा तोंड एकदम फाकवतो. आतला दाब कमी होतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. माशाला हात नाहीत, म्हणून वस्तूची पारख तो तोंडातच करतो आणि नको असेल ते थुंकून टाकतो. तेवढ्या क्षणात दोरी ओढली, तरच मासा लागतो.

आता पुढच्या वेळी तलावाच्या कडेला तरंगणारे थर्मोकोलचे मणी पाहा. तेही पाण्याला खळगे पाडतात, लाटांवर हलतात. म्हणजे खुणा त्याच! जगभर अनेक ठिकाणी माशांच्या पोटात प्लॅस्टिकचे तुकडे सापडले आहेत. गळ टाकणाऱ्याला आपण काय पकडले ते दिसते. मखराचा तुकडा पाण्यात टाकणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. मासा मात्र दोन्हीकडे सारखाच फसतो. हे ठाऊक झाल्यावर तो तुकडा कोठे टाकायचा, हे तुम्हांला सांगायला नकोच!